व्हिक्टोरियाच्या काळातला आर्मी ऑफिसर: त्याचं अख्खं करिअर कसं शोधून काढायचं

पुण्याचं सेंट मेरीज चर्च घ्या, कुलाब्याचं अफगाण चर्च घ्या, नाहीतर खडकी-नगर-देवळालीकडची कुठलीही जुनी दफनभूमी घ्या, दगडावर मजकूर ठरलेला असतो. कॅप्टन अमुक, तमुक रेजिमेंट, वय ३४, तापाने वारला. लोक फोटो काढतात, ग्रुपवर टाकतात आणि खाली लगेच कोणीतरी लिहितं, "मोठा शूर अधिकारी असणार". असेलही, पण नुसत्या 'कॅप्टन'वरून ते कळत नाही. राणी व्हिक्टोरियाच्या काळात, म्हणजे १८३७ ते १९०१, त्यातही पहिली चौतीस वर्षं, कॅप्टन व्हायला पुष्कळदा बापाचा पैसा लागायचा, नाहीतर वरच्या माणसाला कॉलरा व्हावा लागायचा. म्हणून हुद्दा बघू नका, तो हुद्दा कधी आणि कसा मिळाला ते बघा, सगळं करिअर त्यातच दडलेलं असतं. आणि हे घरबसल्या बऱ्यापैकी शोधता येतं, बहुतेक सगळं फुकट, फक्त क्रम चुकवायचा नाही. बरेच जण थेट पैसे भरून वंशावळीच्या साइटवर नाव टाकतात, शंभर जॉन स्मिथ निघतात आणि तिथेच उत्साह संपतो.

आधी ठरवा, माणूस कोणाचा

१८५८ पर्यंत हिंदुस्थानात गोरे ऑफिसर दोन वेगळ्या धन्यांचे होते. एक राणीच्या आर्मीचे, त्यांची रेजिमेंट काही वर्षं इकडे यायची मग परत जायची किंवा दुसऱ्या वसाहतीत जायची. दुसरे ईस्ट इंडिया कंपनीचे, कंपनीच्या बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन आर्म्या होत्या आणि ह्या लोकांची अख्खी नोकरी त्याच आर्मीत जायची. हे आधी ठरवायचं कारण म्हणजे दोघांची कागदपत्रं दोन वेगळ्या ठिकाणी आहेत. राणीवाल्यांची लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये, कंपनीवाल्यांची ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये. चुकीच्या दारात उभे राहिलात तर माणूस अस्तित्वातच नव्हता असं वाटायला लागतं.

दगडावरच्या शॉर्टफॉर्मवरून अंदाज येतो. रेजिमेंटच्या आकड्याआधी 'एच.एम.' (हर मॅजेस्टीज) असेल तर राणीचा. 'एच.ई.आय.सी.एस.' म्हणजे कंपनीच्या सर्व्हिसमधला. 'एन.आय.' म्हणजे नेटिव्ह इन्फन्ट्री, देशी शिपायांची पलटण आणि वर गोरे ऑफिसर. इथे एक जपा, 'बी.एन.आय.' दिसलं की आपण मुंबई धरून चालतो पण ते बहुतेक वेळा बंगाल असतं, मुंबईसाठी 'बॉम.' किंवा 'बीओ.' असं लिहायची पद्धत होती. आणि १८६१ नंतरचं 'बी.एस.सी.' बॉम्बे स्टाफ कोअर की बेंगॉल स्टाफ कोअर (देशी पलटणी आणि इतर कामांसाठीचा ऑफिसरांचा ताफा) हे दगड सांगणारच नाही, ते लिस्टमध्येच बघावं लागतं.

आता आकड्यांची भानगड, हिच्यात भलेभले अडकतात. कंपनीची गोरी पलटण बॉम्बे फ्युझिलिअर्स, ती सरकारजमा झाल्यावर राणीची १०३वी फूट (फूट म्हणजे पायदळाची पलटण) झाली, आणि १८८१ मध्ये तिचं रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्सची दुसरी बटालियन असं नामकरण झालं. पुढे १९०३ मध्ये हिंदुस्थानचा तेव्हाचा सरसेनापती किचनरने देशी पलटणींना नवे नंबर दिले तेव्हा मुंबईच्या तिसऱ्या लाइट इन्फन्ट्रीला नंबर मिळाला १०३, म्हणजे १०३वी मराठा लाइट इन्फन्ट्री. दोन्ही १०३, दोन्हींचा मुंबईशी संबंध, एकमेकींशी काहीएक नातं नाही. त्यामुळे नंबर लिहून घेताना शेजारी साल लिहायचंच.

१ जुलै १८८१ ही तारीख पण डोक्यात ठेवा. त्या दिवशी राणीच्या पायदळाचे नंबर अधिकृतपणे गेले आणि जिल्ह्यांची नावं आली. अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत (२७ जुलै १८८०) मुंबईच्या ग्रेनेडिअर्स आणि जेकब्ज रायफल्सच्या बरोबरीने जी ६६वी फूट कापली गेली, ती १८८२ च्या लिस्टमध्ये ६६ नंबरखाली शोधाल तर सापडणार नाही, ती बर्कशायर रेजिमेंटमध्ये आहे.

मग आर्मी लिस्ट, वर्षामागून वर्ष

खरं काम इथून सुरू होतं. सरकारी आर्मी लिस्ट होतीच, पण तिच्यापेक्षा हार्टची आर्मी लिस्ट घ्या. एच. जी. हार्ट नावाच्या एका ऑफिसरनेच १८३९ पासून ती काढायला सुरुवात केली आणि १९१५ पर्यंत ती निघत राहिली. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर ह्या लिस्टांचे स्कॅन फुकट आहेत. हार्टची मजा अशी की सरकारी लिस्ट नुसतं नाव आणि तारीख देते, हार्ट मात्र पानाच्या खाली बारीक अक्षरात कोण कुठल्या लढाईत होता, कुठे जखमी झाला, कुठलं मेडल मिळालं हे पण देतो.

पान कसं वाचायचं ते सांगतो. रेजिमेंटच्या पानावर हुद्द्यानुसार नावं असतात, सगळ्यात वर कर्नल, मग लेफ्टनंट कर्नल, मेजर, कॅप्टन, लेफ्टनंट आणि तळाला एन्साइन (घोडदळात कॉर्नेट). नावापुढे रकान्यांमध्ये तारखा, एन्साइन कधी, लेफ्टनंट कधी, कॅप्टन कधी. साल दोनच आकडी असतं, '८ जून २०' म्हणजे १८२०. तारखेच्या आधी बारीक 'पी' दिसला तर तो हुद्दा विकत घेतलेला. सुरुवातीला फुल पे आणि हाफ पेवर (काम नाही, अर्धा पगार) किती वर्षं काढली त्याचेही रकाने असतात, ते दुर्लक्ष करू नका, हाफ पेचा आकडा फुगलेला असेल तर साहेब बरीच वर्षं घरी बसलेले होते.

पद्धत अशी: मृत्यूच्या सालापासून मागे या. मेल्याच्या आदल्या वर्षाची लिस्ट उघडा, नाव मिळालं की तारखा उतरवा, मग त्याच्या पहिल्या कमिशनच्या, म्हणजे ऑफिसर म्हणून नेमणुकीच्या, वर्षावर जा आणि तिथून एकेक वर्ष पुढे. कंटाळवाणं आहे, पण एक गोष्ट अशाच वाचनाने कळते ती म्हणजे त्याच्या वर कोण होतं. एन्साइन असताना तो तळाला होता, दोन वर्षांत पाच नावं चढला तर त्या पाच जणांचं काय झालं हे बघा, लढाई झाली का, साथ आली का, की रेजिमेंट गरम देशात पाठवणार म्हणून पैसेवाल्यांनी बदली करून घेतली. तिसरं कारण वाटतं त्यापेक्षा बरंच कॉमन आहे.

एक सूचना, साइटच्या सर्चवर फार विसंबू नका. जुन्या छपाईचं मशीनने केलेलं वाचन धड नसतं. लिस्टच्या शेवटी नावांची छापील इंडेक्स असते, ती डोळ्यांनी बघा, तिथे पान नंबर मिळतो.

गॅझेटमधली एक ओळ आणि तिच्यातली सगळी गोष्ट

तारीख हातात आली की लंडन गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र. राणीच्या आर्मीतलं प्रत्येक कमिशन, बढती, राजीनामा गॅझेटमध्ये छापला जायचा, आणि त्याचं जुनं अर्काइव्ह ऑनलाइन फुकट आहे. वॉर ऑफिसच्या मथळ्याखाली, रेजिमेंटच्या नंबराने शोधायचं. ओळ साधारण अशी असते: "लेफ्टनंट अमुक टू बी कॅप्टन, बाय पर्चेस, व्हाइस तमुक, हू रिटायर्स". म्हणजे तमुक विकून बाहेर पडला, अमुकने पैसे मोजून त्याची जागा घेतली. हीच ओळ जर "विदाउट पर्चेस, व्हाइस तमुक, डिसीज्ड" अशी असेल तर तमुक मेला आणि सिनिऑरिटीने पुढच्याला फुकट बढती मिळाली. 'किल्ड इन अॅक्शन' असेल तर रणांगणावर. ऑफिसरांच्या मेसमध्ये रक्तरंजित युद्ध आणि रोगट हंगामाच्या नावाने ग्लास उंचावायची जी पद्धत सांगतात ती ह्याच हिशोबातून आलेली, गरिबाला बढती फुकट मिळायची ती अशीच.

'एक्सचेंजेस' हा शब्द दिसला तर दोघांनी आपापसात रेजिमेंट बदलली. बहुतेक वेळा एकाला हिंदुस्थानात यायचं नसायचं आणि दुसऱ्याला पैशाची अडचण असायची, कारण इथे पगारात भागायचं, लंडनमध्ये भागायचं नाही.

पैशाचा हिशोब मांडा, त्याशिवाय करिअर कळत नाही

कमिशनची किंमत सरकारनेच ठरवून दिलेली होती. साध्या पायदळात एन्साइन ४५० पौंड, लेफ्टनंट ७००, कॅप्टन १,८००, मेजर ३,२००, लेफ्टनंट कर्नल ४,५००. दर वेळी पूर्ण रक्कम नाही, फक्त फरक भरायचा, म्हणजे लेफ्टनंटचा कॅप्टन व्हायला १,१०० पौंड. घोडदळात महाग, कॉर्नेटच ८४० ला, आणि राजवाड्याच्या फूट गार्ड्समध्ये लेफ्टनंट कर्नलपद ९,००० ला. ही झाली कागदावरची किंमत. प्रत्यक्षात वरून पैसे द्यावे लागायचे, ते बेकायदा होतं आणि सर्रास चालायचं, फॅशनेबल घोडदळात तर ठरलेल्या दराच्या कितीतरी पट.

आता पगार. पायदळातल्या एन्साइनला दिवसाला ५ शिलिंग ३ पेन्स, वर्षाचे साधारण ९६ पौंड. म्हणजे जवळजवळ पाच वर्षांचा पगार आधी भरायचा आणि मग नोकरीला लागायचं, शिवाय युनिफॉर्म आणि मेसचं बिल स्वतःचं. लेफ्टनंट कर्नलला दिवसाला १७ शिलिंग, वर्षाला ३१० पौंड. ४,५०० पौंड नुसते व्याजावर लावले असते तरी त्यातला बराच भाग आरामात सुटला असता. हे आकडे आपल्या माणसाच्या तारखांशेजारी लिहा, घरची ऐपत आपोआप दिसते. आणि हो, नोकरीत असताना साहेब तापाने मेला तर गुंतवलेले पैसे सहसा बुडाले, बायकोला पेन्शन मिळाली तर मिळाली. त्यामुळे आजारी पडलेला मेजर मरायच्या आत घाईघाईने विकून मोकळा व्हायचा, गॅझेटमध्ये "हू रिटायर्स" आणि महिन्याभरात वर्तमानपत्रात मृत्यूची बातमी असं दिसलं तर नवल वाटून घेऊ नका.

हे सगळं तोफखान्याला आणि इंजिनिअर्सना लागू नव्हतं हे मात्र लक्षात ठेवा. ते वुलिचच्या अॅकॅडमीतून शिकून यायचे आणि निव्वळ सिनिऑरिटीने चढायचे, गोगलगायीच्या वेगाने. कंपनीच्या आर्मीतही सरकारी दराने खरेदी नव्हती.

आपल्या ओळखीची दोन नावं ह्या पद्धतीने तपासून बघा, सरावाला बरी. ह्यू रोज, झाशीवर चालून आला तो. १८२० मध्ये एन्साइन, १८२१ लेफ्टनंट, १८२४ कॅप्टन, १८२६ मेजर. सहा वर्षांत मेजर! आणि ते शेवटचं पद 'अनअटॅच्ड', म्हणजे रेजिमेंटच नाही, हुद्दा तेवढा विकत घेतलेला. पुढे १८४१ पासून बैरूतला कॉन्सल जनरल, मग इस्तंबूलला वकिलातीत, म्हणजे आर्मीची नोकरी कमी आणि मुत्सद्दीगिरी जास्त. १८५७ च्या सप्टेंबरात मुंबईत उतरला, पुणे डिव्हिजनची कमांड मिळाली आणि डिसेंबरात महूला जाऊन सेंट्रल इंडिया फील्ड फोर्सचा ताबा घेतला. हिंदुस्थानात त्याने त्याआधी एकही मोहीम केलेली नव्हती.

दुसरा हेन्री हॅवलॉक, लखनौवाला. १८१५ मध्ये भरती, घरच्यांचं दिवाळं निघालेलं, खरेदीला पैसा नाही. कॅप्टन कधी झाला? १८३८ मध्ये. तेवीस वर्षं. मधल्या काळात बर्मा करून आला, डोळ्यांदेखत पोरसवदा लोक पैसे मोजून डोक्यावरून गेले. आता दोघांच्या नावापुढे 'कॅप्टन' एवढंच लिहिलेलं असतं तर आपण दोघांना एकच समजलो असतो. माझं स्पष्ट मत आहे की रोज सेनापती म्हणून चांगलाच होता, ती पद्धत मात्र भिकार होती, आणि एखादा रोज निघाला म्हणून तिचं समर्थन करणारे लोक त्याही काळात होते आणि आजही भेटतात.

ब्रेव्हे आणि मधल्या रिकाम्या जागा

लिस्टमध्ये एकाच माणसाचे दोन हुद्दे दिसले तर चूक नाही. एक रेजिमेंटमधला, एक आर्मीतला. लढाईत चमकला की त्याला ब्रेव्हे मेजर करायचे, पण रेजिमेंटमध्ये मेजरची जागा रिकामी नसेल तर तिथे तो कॅप्टनच, रेजिमेंटमधली एक तुकडी (तिलाही कंपनीच म्हणतात) कॅप्टनसारखी सांभाळायची. गार्ड्समध्ये तर १८७१ पर्यंत जन्मजात डबल हुद्दा, तिथला कॅप्टन बाकी आर्मीत लेफ्टनंट कर्नल. मधली काही वर्षं माणूस रेजिमेंटच्या पानावरून गायबच असेल तर तीन जागा बघा: हाफ पेची यादी, स्टाफची यादी, आणि दुसऱ्या रेजिमेंटची पानं.

राणीच्या ऑफिसरसाठी क्यूला कधी जाणं झालं (किंवा लंडनला कोणी भाचा-पुतण्या असेल तर त्याला पाठवा, रीडर्स टिकीट फुकट आहे आणि स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढता येतात) तर तीन सिरीज मागवायच्या. डब्ल्यूओ (वॉर ऑफिस) २५ आणि डब्ल्यूओ ७६ मध्ये सर्व्हिसचे तक्ते, जन्म, लग्न, मुलं वगैरे सकट. आणि डब्ल्यूओ ३१, १७९३ ते १८७० मधले कमिशनसाठीचे अर्ज. ही तिसरी सगळ्यात वाचनीय, कारण अर्जासोबत शिफारशीची पत्रं असतात, कुठे बापाने आपल्या जुन्या जखमांचा दाखला दिलेला, कुठे विधवा आईने पैसे नाहीत पण नवरा नोकरीत गेला म्हणून मुलाला फुकट कमिशन द्या असं लिहिलेलं.

कंपनीचा माणूस असेल तर

इथे गॅझेट फारसं कामाचं नाही. ईस्ट इंडिया रजिस्टर नावाची वार्षिक यादी १८६० पर्यंत निघायची, तिचे खंड इंटरनेट आर्काइव्ह आणि गूगल बुक्सवर आहेत, मुंबई आर्मीचा भाग वेगळा असतो. मग ब्रिटिश लायब्ररीतले कॅडेट पेपर्स, एल/मिल/९. कंपनीत भरती व्हायला पैशाऐवजी वशिला लागायचा, डायरेक्टरपैकी कोणीतरी नाव सुचवावं लागायचं, आणि कॅडेट पेपरमध्ये तो डायरेक्टर कोण, बाप्तिस्म्याचा दाखला, शिक्षण कुठे हे सगळं असतं. तोफखाना-इंजिनिअरवाले क्रॉयडनजवळच्या अॅडिसकोम्बमधल्या कंपनीच्या शाळेतून आलेले असायचे. मुंबईच्या ऑफिसरांची सर्व्हिस रेकॉर्ड्स एल/मिल/१२ मध्ये आणि चर्चची नोंद, म्हणजे बाप्तिस्मा-लग्न-दफन, एन/३ मध्ये. दफनाची नोंद आणि दगडावरची तारीख जुळत नसेल तर नोंदीवर विश्वास ठेवा, दगड पुष्कळदा नंतर बसवलेला असतो. लायब्ररीत जायच्या आधी कुठली सेवा चालू आहे ते साइटवर बघून घ्या, ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्याने तिथली ऑनलाइन व्यवस्था बराच काळ आडवी केली होती. तोवर फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीचा डेटाबेस वापरा, सर्च फुकट आहे.

कंपनीच्या ऑफिसरचं करिअर रेजिमेंटच्या पानावर अर्धंच दिसतं, उरलेलं बाहेर घडायचं. जेम्स औट्रम बघा. १८१९ मध्ये मुंबईचा कॅडेट म्हणून आला, १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल कोअर उभं केलं, पुढे संस्थानांशी व्यवहार बघणाऱ्या पोलिटिकल खात्यात, १८४५ ला साताऱ्याचा रेसिडेंट, १८४७ ला बडोद्याचा. एवढी वर्षं तो कागदोपत्री एका नेटिव्ह इन्फन्ट्रीचाच ऑफिसर, पण तिथे हजर नाही. हुशार माणसं अशीच पोलिटिकल, सर्व्हे, कमिसरिएट (रसद खातं), पीडब्ल्यूडीत ओढली जायची कारण भत्ता जास्त. अशा माणसासाठी मुंबईच्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात मिलिटरी आणि पोलिटिकल डिपार्टमेंटची दप्तरं बघावी लागतात, साल आणि खातं घेऊन गेलात तरच उपयोग, नुसतं नाव घेऊन गेलात तर तिथला माणूस तुमच्याकडे दयेने बघेल.

१८६१ आणि १८७१ नंतर

हा भाग सोपा आहे. १८६१ मध्ये तिन्ही प्रेसिडेन्सीत स्टाफ कोअर निघाली आणि त्यात बढती घड्याळावर, सुरुवातीच्या नियमाने १२ वर्षांनी कॅप्टन, २० नी मेजर, २६ नी लेफ्टनंट कर्नल. त्यामुळे अशा माणसाचा हुद्दा बघून त्याची लायकी काढू नका, फक्त भरतीचं साल काढा. १८९१ मध्ये तिन्ही मिळून एकच इंडियन स्टाफ कोअर झाली.

कमिशनची खरेदी-विक्री १ नोव्हेंबर १८७१ पासून बंद, कार्डवेल तेव्हा युद्धमंत्री. हाउस ऑफ लॉर्ड्सने बिल अडवलं म्हणून शेवटी राणीच्या वॉरंटने बंद केली. एन्साइन-कॉर्नेट गेले, सब लेफ्टनंट आला, १८७७ पासून सेकंड लेफ्टनंट. आता सँडहर्स्ट ह्या आर्मी कॉलेजची परीक्षा किंवा मिलिशियातून (अर्धवेळ राखीव फौज) मागच्या दाराने. पैसा मात्र सुटला नाही कारण घोडदळात पगारावर जगणं अशक्यच होतं, फरक इतकाच की आता पैसा पोलोच्या घोड्यांत जायचा. चर्चिल ह्याच पिढीतला, सँडहर्स्टची एंट्रन्स तिसऱ्या प्रयत्नात पास, १८९५ ला फोर्थ हुसार्समध्ये, आणि १८९६ ला मुंबईत ससून डॉकवर उतरताना खांदा निखळवून घेतला. साध्या शिपायापासून वर आलेले ऑफिसरही ह्याच काळात जास्त दिसतात, हेक्टर मॅक्डॉनल्ड गॉर्डन हायलँडर्समध्ये भरती झाला आणि अफगाण युद्धातल्या कामगिरीवर १८८० मध्ये ऑफिसर झाला, शेवटी मेजर जनरल.

शेवटी मेडल

मेडलचं लोक पहिल्यांदा विचारतात, मी मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण रेजिमेंट आणि तारखा पक्क्या असल्याशिवाय मेडलवरून काहीच सिद्ध होत नाही. डब्ल्यूओ १०० मध्ये मोहिमांचे मेडल रोल आहेत, आणि कंपनीच्या लोकांचे इंडिया ऑफिसच्या रेकॉर्डमध्ये. १८५७-५८ च्या मेडलवर 'सेंट्रल इंडिया' ही पट्टी असेल तर बहुधा ह्यू रोजच्या मोहिमेशी संबंध, मग त्या महिन्यांत आपल्या माणसाची तुकडी तिथे होती का ते हार्टच्या तळटिपेत बघायचं. नाव मेडलच्या कडेवर असतं. ह्या मेडलवरचं मूळ नाव ठोकून उमटवलेलं असतं, हाताने कोरलेलं दिसलं किंवा कड त्या जागी थोडी घासून पातळ झालेली वाटली तर जुनं नाव काढून नवं टाकलेलं असण्याची शक्यता आहे. चोर बाजारात कोणी ऑफिसरचं मेडल दाखवून गोष्ट सांगायला लागला तर फक्त नाव, हुद्दा आणि रेजिमेंट उतरवून घ्या, घरी येऊन लिस्ट आणि रोल बघा, नाव बसत नसेल तर पाकीट उघडू नका.